चार बोटं कापड

टाचणी नागोजींच्या ओठांत होती, तिच्या डोक्यावर उजेडाचा एक ठिपका — मधुवंतीची नजर तिथंच अडकली, कारण टोकदार काही दिसलं की हल्ली तिचा दंड आपोआप आखडायचा. दाजीबानपेठेतल्या तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या कापडदुकानात नागोजी शिंपी दर जूनला तिच्या शाळेच्या स्कर्टचं माप घ्यायचे. या वर्षी नववीचा. कंबर तीन इंचांनी उतरली होती.

"अण्णा, खाली चार बोटं दुमड ठेवतो की," नागोजी सवयीनं अप्पांना म्हणाले. वाढत्या अंगाचे कपडे या घरात असेच शिवले जात. उंची वाढली की आई दुमड उसवायची.

"ब्याड, नागोजी." अवघड बोलायचं असलं की अप्पा कानडीत शिरत. "नको. बरोबर मापाचंच शिव."

बरोबर मापाचं... म्हणजे अप्पांनीसुद्धा आशा सोडली? तिला झालेल्या याच रक्ताच्या कर्करोगानं तीन वर्षांपूर्वी थोरली बहीण राधाअक्का गेली, तीही नववीतच, आणि तिच्या स्कर्टची दुमड तशीच राहिली — आतून गर्द निळी, न विटलेली, अजून कपाटात. पुन्हा तसली दुमड बघायची नसेल त्यांना, एवढंच असेल. की डॉक्टर काही बोललेत? विचारलं तर अप्पा खोटं सांगतील, आणि त्यांना खोटं बोलता येत नाही.

अक्कानं विचारलंच नसतं. सुई टोचताना अक्का हसायची म्हणे. आई हे प्रत्येक नर्सला सांगते, आणि मी ओरडते, दरवेळी ओरडते, अक्कासारखं शहाण्यासारखं मरणं मला जमायचं नाही... मनात आलेल्या या शब्दांनी ती स्वतःच दचकली.

टर्रकन आवाज झाला. कात्रीनं जरासं कातरून अप्पांनी कापड नेहमीसारखं दोन्ही हातांनी फाडलं होतं. फाडून झाल्यावर मात्र ते तुकडा धरून उभेच राहिले.

"ताठ राहा गं, अक्कव्वा," नागोजी मधुवंतीला म्हणाले; सगळ्याच पोरींना ते अक्कव्वा म्हणत.

ती ताठ राहिली. भीती होतीच. पण तिला खेटून आता राग बसला होता, अप्पांवरचा, त्या गुणी अक्कावरचासुद्धा. वाढायचंय मला. चार बोटं नाही तर दोन, दोन नाही तर एक... निदान अप्पांनी मापात फाडलेला हा स्कर्ट वर्ष संपता संपता आखूड पडावा, एवढ्यासाठी तरी.