विहिरीपासूनचं अंतर

काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, त्यात औषधाचा एक थेंब सोडायचा, की पाच-सात सेकंदांत पाणी पिवळं व्हायला हवं. पिवळं झालं म्हणजे ब्लीचिंग पावडर शिल्लक आहे, पाणी पिण्याजोगं आहे. सांडूने नळी डोळ्यांसमोर धरली आणि मनात वीसपर्यंत आकडे मोजले. पाणी होतं तसंच नितळ राहिलं.

त्याने नळी रिकामी केली, विसळली, पुन्हा भरली. दुसऱ्या वेळीही तेच. अर्ध्या तासापूर्वी त्याने बादलीत पावडर कालवली होती, चुना तळाशी बसू दिला होता आणि वरचं पाणी विहिरीत सोडून दोरीने ढवळलं होतं. दिवाळीच्या आधी या विहिरीला एक डबा पावडर पुरायची. आता होळी जवळ आली होती, विहिरीतलं पाणी निम्म्यावर आलं होतं आणि अडीच डबे टाकूनही रंग धरत नव्हता. पाणी कमी, पावडर जास्त. मग ती जात होती कुठे? तालुक्याच्या प्रशिक्षणात साहेबांनी सांगितलं होतं की पाण्यात घाण असली की पावडर आधी तिच्यावरच खर्च होते. सांडू सातवी शिकलेला होता. एवढं समजायला सातवी पुरत होती.

टेकवाडी वाळूजच्या कंपन्यांपासून तीन किलोमीटरवर होती. मधोमध जुनं गावठाण, तीस-पस्तीस घरांचं, आणि त्यात ही विहीर. भोवती प्लॉटिंग, कडेने सांडपाण्याचा नाला. शेतं गेल्यावर ज्यांच्या घरामागे चार हात जागा उरली त्यांनी पत्र्याच्या खोल्या काढल्या आणि त्या नांदेड-परभणीकडच्या, बिहारकडच्या कामगारांना दिल्या. तिन्ही पाळ्यांची माणसं असल्याने गावात कोणत्याही वेळी निम्मी दारं आतून बंद असत. प्लॉटवाल्यांचे स्वतःचे बोअर होते. गावठाण मात्र विहिरीचंच पाणी पीत होतं. नळाचे पाइप दोन वर्षांपासून शाळेच्या भिंतीशी पडून होते.

सांडू सव्वीस वर्षं या विहिरीत पावडर टाकत होता. पंचायतीच्या कागदावर त्याचं पद जलसुरक्षक. सरपंच काकासाहेब त्याला डाक्टर म्हणायचे, आणि बायका काही ना काही टोमणा मारायच्या.

तो घरी आला तेव्हा आवडाबाई चहा गाळत होती. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारायचं काही उरलं नाही.

"आज मंगळवार हाय. शिस्टर यायची," ती म्हणाली.

"व्हय."

"नाल्याचं सांगा. वरच्या प्लाटिंगचं सांगा. आपल्याच खड्ड्याचं पानी विहिरीत जातंय, हे कुनी खाली उतरून पाह्यलंय का?"

सांडूने चहाची कपबशी उचलली. घरामागे त्यांच्या सहा खोल्या होत्या, दोन संडास होते आणि संडासांचा एक खड्डा. सहा वर्षांपूर्वी तो खणताना गवंडी म्हणाला होता, खालून बांधून काढू, नाहीतर मुरमातून पाणी झिरपतं. खर्च पाहून सांडूने नको म्हटलं. विहिरीपासून पन्नास फूट अंतर हवं, हे त्याला प्रशिक्षणात कळलेलं होतं. त्याने पावलांनी मोजलं. पावलं आखूड टाकली आणि आकडा बरोबर बसवला. त्यानंतर टेप घेऊन तो तिथे कधी गेला नाही.

तेव्हा खोल्यांसाठी एकट्या आवडाबाईचा आग्रह होता असं म्हणणं खोटं ठरलं असतं. त्यालाही खोल्या हव्या होत्या. लासूर स्टेशनला दिलेली लेक दोन वर्षांत परत आली होती आणि आता पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर बसलेली असायची. घर खोल्यांवर चालत होतं. खड्डा बुजवायचा तर संडास बंद, संडास बंद तर खोल्या रिकाम्या. दुसरा खड्डा काढायला विहिरीपासून लांब अशी जागाच उरली नव्हती. ही गोष्ट तो सहा वर्षं रोज बाजूला ठेवत आला होता.

कोपऱ्यात जारचं पाणी होतं. मागच्या पावसाळ्यात आवडाबाईने एक दिवस न बोलता जार लावला, लेकीच्या पोटाचं निमित्त सांगून. सांडू मात्र विहिरीचंच पाणी पीत होता. त्याचा तांब्या वेगळा होता. त्यावर नवरा-बायकोत एकदाही बोलणं झालं नव्हतं.

आरोग्य केंद्राची कालिंदी सिस्टर दहाच्या सुमारास आली. तिच्याकडे सात गावं होती, आणि ती विहिरीच्या ओट्यावर बसली तेव्हा आधी चपला काढून पाय मोकळे केले. तिने स्वतः नळी भरली, थेंब सोडला, पाहिलं, आणि नळी ओतून दिली. मग सांगितलं की या महिन्यात टेकवाडीत काविळीची चौथी केस निघाली आहे. चारही गावठाणातल्या. प्लॉटिंगमध्ये एकही नाही.

"पावडर टाकली होती ना, सांडूभाऊ?"

"अडीच डबे."

तिने मान हलवली. त्याच्यावर तिचा अविश्वास नव्हता, आणि तेच त्याला जड गेलं.

पाण्याला दोन-तीन बायका आल्या होत्या. कारभाऱ्याच्या सुनेने घागर बुडवता बुडवता नाक मुरडलं. "तात्या, विहिरीत पावडर टाकता का पावडरीत विहीर? वरन करावं तं त्याला बी वास."

बाकीच्या हसल्या. मागून सत्तरीची भागूबाई आली, कमरेवर लहान कळशी. तिची नात काविळीने पाच दिवस घाटी दवाखान्यात होती. कालच घरी आणली होती. आता उकळून गार केलेलं पाणी द्यायला सांगितलंय, म्हणून ती दुसऱ्यांदा भरायला आली होती.

"कशी हाय पोर, मावशी?" सांडूने विचारलं. तो कळशीकडे पाहत होता.

"निजून ऱ्हाती. खात नाय काई." मग ती बायकांकडे वळून म्हणाली, "घाटीतली बाई म्हनली, पानी बदला. म्हनलं, आमच्या पान्यात दोष नाय. आमचा सांडू रोज औषीद टाकतो. एक दिस चुकला नाय."

सिस्टरने पिशवीतून सर्वेक्षणाचा कागद काढला. वर्षातून दोनदा हा कागद भरायचा असे. प्रश्न तेच, उत्तरं तीच, खाली जलसुरक्षकाची सही. याच कागदावरून पंचायतीला दरवर्षी पाणी सुरक्षित असल्याचं हिरवं कार्ड मिळे आणि काकासाहेब ते चौकटीत लावत. तेही आता मोटारसायकल थांबवून, एक पाय जमिनीला टेकवून उभे राहिले.

"नाला लिहा, शिस्टर," ते म्हणाले. "गाळ काढायचा ठराव घेऊन टाकू. कामून डाक्टर, बरोबर ना?"

सिस्टर क्रमाने वाचत गेली. कठडा आहे का, आहे. ओट्याला भेगा आहेत का, नाहीत. कपडे धुतले जातात का, नाही. सांडू एकेका शब्दात उत्तर देत होता. भागूबाईने कळशी भरून ओट्यावर ठेवली आणि दम खायला तिथेच बसली. समोर घराच्या दारात आवडाबाई सूप घेऊन उभी होती, पण सूप हलत नव्हतं. मागच्या खोल्यांपैकी एकीचं दार उघडलं आणि रात्रपाळीचा कामगार टमरेल घेऊन संडासाकडे गेला.

"विहिरीपासून पन्नास फुटांच्या आत संडासाचा खड्डा आहे का?"

तिने विचारलं आणि न थांबता 'नाही'च्या चौकोनाकडे पेन नेलं.

"थांबा," सांडू म्हणाला.

पेन थांबलं. काकासाहेबांनी मोटारसायकलची चावी फिरवली, इंजिन बंद केलं. सांडूने आवडाबाईकडे पाहिलं. तिने सूप खाली ठेवलं होतं. पदराचा शेव तिच्या मुठीत होता. नको म्हणायला तिने मानही हलवली नाही.

त्याने भागूबाईपुढची कळशी उचलली आणि ओट्याच्या खाली, मातीत, सगळी ओतली.

"आरं, आरं," भागूबाई म्हणाली.

"हाय, शिस्टर. खड्डा हाय," सांडू म्हणाला. "माझ्याच खोल्यांचा. सहा वर्सांपास्नं मी 'नाय' लिहून सही करतोय. आजपास्नं ह्या विहिरीचं पानी कुनी भरू नका. खोल्या मी खाली करतो."