बिनकंपनीचा हब

रविंद्रनं पाइप पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी अडकवली, चाक दोन्ही गुडघ्यांत आवळून धरलं आणि अंगातला सगळा जोर लावून ओढलं. हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची, वाटी जागची हलली नाही. पाना मात्र सटकला आणि त्याची बोटं तारांवर आपटली.

"लागलं का रे?" बाकड्यावर बसलेल्या मंगलनं विचारलं.

"न्हाई." त्यानं बोटं झटकली. "वाटीच्या कडा पार झिजून गुळगुळीत झाल्यात. पाना धरतच न्हाई."

रविंद्रच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानापुढं मंगलची तीनचाकी विटांच्या थरावर उभी होती, मागचं डावं चाक काढलेली. लहानपणी पोलिओनं मंगलचे पाय गेले, आणि दहावीच्या वर्षी ही हातानं फिरवायची गाडी आली. तेव्हापासून ती कुणाच्या आधारावर राहिली नव्हती. कळंबच्या चौकात तिचं शिलाईचं दुकान होतं. कापड आणायला ती एकटी मंचरला जायची, लग्नाकार्याला जायची, विहारात जयंतीच्या तयारीला सगळ्यांच्या आधी हजर असायची. तिचे दंड बघून पहिलवान पोरं गमतीनं हात जोडायची.

गेल्या आठवड्यात चाक डुगडुगायला लागलं आणि परवा भर चौकात आडवंच पडलं. चार जणांनी मंगलला उचलून रिक्षात बसवलं. उचललेलं तिला आवडायचं नाही. त्या संध्याकाळी ती कुणाशी बोलली नाही. पुण्याहून भावाचा, ऋषीचा फोन आला, तोही तिनं नुसता ऐकून घेतला. ऋषीचं म्हणणं जुनंच होतं. ताई, आता बास कर. इथं लिफ्ट आहे, खोली रिकामी आहे. रविवारी गाडी घेऊन येतो. बॅटरीवरची तीनचाकी त्यानं मागं एकदा आणून दाखवली होती, पण ती तिच्या गल्लीच्या वळणात मावली नव्हती.

"न्हाई जमलं तर तसं सांग," मंगल म्हणाली. तिनं मांडीवर कुणाचातरी ब्लाउज घेतला होता आणि ती हूक लावत होती. "मी ऋषीला हो म्हणते."

"जमंल."

पण कसं, ते रविंद्रला कळत नव्हतं. या गाडीच्या मागच्या चाकांना एकाच बाजूनं आधार. दुसरी बाजू मोकळी. बाजारातला सायकलचा हब दोन्ही बाजूंनी धरावा लागतो, तो इथं बसायचाच नाही. काल तो मंचरला नेमीचंदशेठच्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन आला होता. शेठनं मोबाइलमधला फोटो मोठा करून पाहिला, फळीवरचे हब एकेक करून माप लावून ठेवले.

"नाव कुठं कोरलेलं आहे का?"

"कुठंच न्हाई शेठ. चाकावर न्हाई, हबवर न्हाई."

"मग आधी एक बघा," शेठ चष्मा काढून म्हणाले, "मुळात हा हबच आहे का?"

तेव्हा रविंद्रला ते बोलणं म्हणजे शेठनं हात झटकल्यासारखं वाटलं होतं. वडील गावात असते तर त्यांना विचारलं असतं. या गाडीचं तेलपाणी आजवर तेच, तुळशीदास, बघत आले होते. वेल्डिंगच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावरही मंगलची गाडी आली की ते रविंद्रला बाजूला सारायचे. वरच्या भोकातून ग्रीस भरायचे, कपड्यानं पुसायचे, उघडू मात्र कधी द्यायचे नाहीत. चांगलं चाललंय ते कशाला खोलायचं, म्हणायचे. सध्या ते खोडदला लेकीकडे गेले होते आणि मोबाइल ते वापरत नसत. आज संध्याकाळच्या एसटीनं येणार होते, पण मंगलला तोवर बसवून ठेवायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

त्यानं पुन्हा पाना लावला. पुन्हा सटकला. वैतागून त्यानं चाक फिरवून धरलं, आणि शेठचं वाक्य त्याला आठवलं. हा हबच आहे का? मग त्यानं उगाच, करून बघावं म्हणून, पाना उलट्या बाजूनं ओढला.

करकर आवाज झाला. वाटी सुटली.

रविंद्र हसला.

"काय झालं?"

"उलटे आटे हायेत, मंगल. चाकात उलटे आटे कशाला असतील?" तो वाटी हातानं फिरवत बाहेर काढू लागला. "उलटे आटे सायकलीत पायडलपाशी असतात. हा हब न्हाईच. दोन पायडलांच्या मधलं नळकांडं असतं ना, ते कापलंय कुणीतरी. दोन्ही अंगांना लोखंडी चकत्या वेल्डिंग करून, त्यांना भोकं पाडून तारा ओवल्यात. एक्सलपण पायडलचाच, पुढं दांडा जोडलेला."

"मग? मिळंल का ते?"

"मिळायचं काय त्यात! माझ्या खणात पडलंय." त्याचा आवाज चढला होता. "मी आपला जगभर हब धुंडाळतोय."

मंगलनं सुई थांबवली. तिनं खांदे सैल सोडले आणि पाठ भिंतीला टेकवली.

आतले बेअरिंगचे छर्रे चुरा होऊन गेले होते. एक्सलला खोल खाच पडली होती. रविंद्रनं सगळं उपसून काढलं, नळकांडं रॉकेलनं धुतलं आणि आत फडकं फिरवलं. फडक्याबरोबर ग्रीसचा घट्ट थर निघाला. चकती आणि नळीच्या सांध्यात, जिथं कानस पोहोचली नव्हती, तिथं रंगाचा एक पट्टा दिसला. त्यानं तो नखानं खरवडला. मग चाक उचलून उजेडात नेलं.

पोपटी रंग होता.

सायकली काळ्या असतात, हिरव्या असतात, फार तर लाल. पोपटी सायकल कळंबमध्ये एकच होती. रविंद्रच्या आजोबांनी जानकाबाईला, म्हणजे त्याच्या आईला, लग्नात दिलेली. तिचा काळा रंग उडाला तेव्हा आईनं घराच्या दाराला आणलेल्या रंगातला उरलेला रंग स्वतः तिला दिला होता. रविंद्र तिच्या नळीखालून पाय घालून सायकल शिकला होता. तो सातवीत असताना मंचरच्या आठवडी बाजारातून ती चोरीला गेली. आबांनी, म्हणजे तुळशीदासांनी, सगळ्यांना रंगवून सांगितलं होतं, कुठं लावली, कसं कुलूप तोडलं, कुणी कुणी शोधली. त्यानंतर रविंद्र शाळेत पायी गेला. आईनं चोराच्या सात पिढ्या उद्धरल्या. आणि एक दिवस तिनं शिव्या देणं एकाएकी थांबवलं होतं. तेव्हा त्याला वाटलं होतं, थकली असेल.

"काय बघतोस एवढं?" मंगलनं विचारलं.

सायकलीत असं नळकांडं एकच असतं. चाक भिंतीला टेकवून तो गाडीकडे गेला आणि न सांगता उजवं चाकही उतरवलं. ते धड होतं. त्याची वाटी उलटीकडून लगेच सुटली. आतला रंग काळा होता.

दोन्ही चाकं त्यानं मंगलच्या पुढ्यात आणून ठेवली. ती वाकली. काळ्या रंगावर तिनं बोट टेकवलं.

"ही सायकल आमची," ती म्हणाली. "माझ्या आप्पांची."

"तुला ठाऊक व्हतं?"

"आप्पा म्हणायचे, गाडी पुण्याच्या संस्थेनं दिली. शेवटी दवाखान्यात असताना खरं बोलले, आपली सायकल एका चाकात गेली म्हणून. पण रवी, मग दुसऱ्या चाकात दुसरी सायकल असणार, एवढं मला कळत व्हतं. दुसरी कुणाची, ते त्यांनी सांगितलं न्हाई. शब्द दिलाय म्हणाले."

रविंद्र उकिडवा बसला.

"आमची," तो म्हणाला.

मंगलनं पोपटी पट्ट्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिचे डोळे भरले, पण ओठ हसत होते. "तो रंग घासू नको," एवढंच ती म्हणाली.

तेवढ्यात जानकाबाई डबा घेऊन आल्या. घर दुकानाच्या मागंच होतं. त्यांनी चाकांकडे पाहिलं आणि डबा बाकड्यावर ठेवला.

"उघडलंस व्हय शेवटी."

"आई, तुला...?"

"अरं, मंगलची गाडी नवी आली तवा मी तिला पेढा घेऊन गेले व्हते. सांध्यात माझ्याच दाराचा रंग! मी काय आंधळी हाये का?" त्या खाली बसल्या आणि मंगलच्या पाठीवर हात ठेवला. "माझ्या बापानं दिलेली सायकल व्हती. विचारून कापली असती तर मी न्हाई म्हणले असते का? तर म्हणले असते. तवा म्हणलेच असते." त्या स्वतःशीच हसल्या. "म्हणून तर चोर आणला त्यांनी."

"मग बोलली न्हाईस कधी?"

"एवढी मेहनत करून थाप मारली माणसानं. मोडायची कशाला?"

मंगल मोठ्यानं हसली. हसता हसता तिनं पदरानं नाक पुसलं.

रविंद्रनं खणातून नव्या वाट्या आणि एक्सल काढला. शेजारच्या वर्कशॉपमधून दांडा जोडून आणला, छर्रे ग्रीसमध्ये एकेक करून बसवले, वाट्या आवळल्या, थोड्या सैल केल्या, पुन्हा आवळल्या. चाक हवेत फिरवलं तेव्हा आवाज आला नाही. सवयीप्रमाणे ते थांबायची वाट बघत तो उभा राहिला, आणि ते बराच वेळ थांबेना.

दोन्ही चाकं गाडीला चढल्यावर मंगल हातांवर भार देऊन बाकड्यावरून गाडीत सरकली. कुणी पुढं झालं नाही. तिनं दुकानापुढच्या मोकळ्या जागेत एक फेरी मारली, मग रस्त्याला लागून दूरच्या लिंबापर्यंत जाऊन आली. परतताना तिच्या कानाला फोन होता.

"रविवारी ये ना," ती ऋषीला सांगत होती. "पोरांनाबी आण. मासवडी करते. न्हाई रे, सामान कशाला भरायचं? जेवायला ये."

ऊन उतरल्यावर तुळशीदास फाट्यावरून चालत आले. खांद्याला पिशवी, टोपी हातात. मंगलला गाडीवर बघून ते थबकले, मग विटांच्या थराकडे आणि जमिनीवर सांडलेल्या जुन्या छऱ्यांकडे त्यांची नजर गेली.

"चाक मोडलं व्हतं का?"

"व्हय आबा. केलं दुरुस्त."

"उघडलंस?"

"उघडावं लागलं."

तुळशीदासांनी पिशवी खाली ठेवली. जानकाबाई डब्याचं झाकण लावण्यात गुंतल्या होत्या. मंगलनं हँडलवरची धूळ पुसायला घेतली.

"कुठल्या कंपनीचा निघाला हब?" तुळशीदासांनी विचारलं.

"नाव न्हाई कुठं," रविंद्र म्हणाला. "पण आबा, ज्यानं केला त्यानं लई मन लावून केलाय. तीस वर्षं रेटला, पण सांधा कुठं हलला न्हाई."

तुळशीदास चाकाजवळ गेले. वाकून त्यांनी अंगठा नव्या वाटीवरून फिरवला, मग आतल्या अंगाला, जिथं आता ग्रीसखाली काही दिसत नव्हतं, तिथं बोट नेलं.

"डाव्या चकतीची वेल्डिंग जरा जाड झालीये," ते म्हणाले. "रॉड संपत आले व्हते."

जानकाबाईंनी पदर सावरला आणि त्या घराकडे वळल्या.

"हातपाय धुवा," त्या मागं न बघता म्हणाल्या. "चहा टाकते. मंगल, तूबी थांब गं."