नीलकंठरावांचा ओटा

जेसीबीने नीलकंठरावांचं घर सोडलं आणि थेट शेजारच्या दत्ताजींच्या ओट्यात दात घातले, तेव्हा माझ्या हातातलं चहाचं गाळणं तसंच राहिलं. मनाशीच म्हटलं, शालू, झालं! आता गल्लीत अल्पनाच्या नावाने शिमगा.

अल्पना म्हणजे नीलकंठरावांची सून आणि देवासच्या आमच्या वॉर्डाची पार्षद. आमच्या मध्य प्रदेशात पार्षद, महाराष्ट्रात नगरसेविका म्हणतात म्हणे. सीट महिलांची झाली म्हणून उभी राहिली आणि चांगली निवडून आली. आता आमच्याकडे पार्षद बाई असली की तिच्याबरोबर एक पार्षदपती फुकट मिळतो. फोन त्याला, हार त्याला, साहेबांसमोरची खुर्चीही त्यालाच. तिच्या नवऱ्याने, मयुरेशने, तर स्कूटरवर 'पार्षदपती' असं रंगवूनसुद्धा घेतलं होतं. अल्पनाने ब्लेड घेऊन ते खरवडून काढलं. पोरगा वाईट नाही हो, पण कोणी 'भिया, भिया' म्हणजे दादा-दादा केलं की फुगतो.

भानगड नालीची, म्हणजे गटाराची होती. समोरच्या रांगेतल्या सगळ्यांनी वर्षानुवर्षं नालीवर ओटे बांधून ठेवले. नाली माझ्या बाजूला नाही म्हणून मी वाचले, नाहीतर मी काय हरिश्चंद्राची नात लागून गेले? नाली साफ होईना, पाणी तुंबायचं, आणि ते सगळं शिरायचं उताराच्या टोकाला, पोह्यांची गाडी लावणाऱ्या पियुषच्या घरात. त्याची धाकटी पोर मागच्या वर्षी काविळीने इस्पितळात होती. वाचली बिचारी. अल्पना निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या बैठकीत भांडली, काम मंजूर करून आणलं, आणि मारुतीच्या पायरीवर उभी राहून गल्लीला सांगितलं, "नाली पर जिसका भी ओटला है, हटेगा. सबका."

सबका म्हणजे सासऱ्यांचाही. नीलकंठराव नोट प्रेसमधून रिटायर झाले, तेव्हा कोटा फरशी आणून त्यांनी तो ओटा स्वतः उभं राहून बांधून घेतला होता. त्यांची बायको, आमच्या वहिनी, गेल्या त्याही तिथेच, गहू निवडता निवडता. तेव्हापासून गृहस्थ सकाळ-संध्याकाळ तिथे. गुडघे गेलेले, दुसरीकडे जाणार कुठे? चहाची वेळ झाली की फरशीवर काठी दोनदा ठोकायचे. मी इकडून कप घेऊन जायची. आमचं बोलणं फारसं नसायचं, पण तेवढ्यावर माझा दिवस जायचा.

तर त्या सकाळी अल्पना पाण्याच्या टाकीवर गेली होती. परत आली तोवर दत्ताजींचा ओटा अर्धा फुटला होता आणि ते हात जोडून उभे होते. "वा भाभीजी! अपना घर छोड़के बाकी सबका?"

अल्पनाने आपल्या घराकडे पाहिलं. ओटा शाबूत, वर खुर्चीत सासरे. ती मशीनजवळच्या निगमच्या इंजिनियरकडे वळली. "ये घर क्यूँ छोड़ा?"

"मॅडम, रात को भिया का फोन आया था, नाली जरा घुमा लेना. हम समझे आप ही ने कहलवाया है."

मयुरेश पुढे झाला. "अगं, बाबांचा आहे तो. जरासं वळण घेतलं नालीने तर कोणाचं काय बिघडतंय?"

"वळणावरच तुंबते ती. आणि पियुषने काय करायचं, पुन्हा पोरीला घेऊन इस्पितळात जायचं?"

पियुष तिथेच उभा होता. त्याने मान वर केली नाही. मयुरेशचा चेहरा पडला. बापासाठीच केलं होतं त्याने, तेही खोटं नाही.

अल्पना इंजिनियरला म्हणाली, "आगे से मेरी बात मेरे मुँह से सुनिए. मशीन पीछे लो. यहाँ से शुरू करो."

मशीन मागे आली. नीलकंठराव मात्र ढिम्म हलले नाहीत. काठी दोन्ही हातांनी धरून बसून राहिले.

"बाबा, उठा."

"हे सून सांगतेय का पार्षद?"

अख्खी गल्ली ऐकत होती. अल्पना म्हणाली, "पार्षद सांगतेय, बाबा. सुनेला विचारलंत तर ती म्हणेल, बसा."

मला वाटलं, म्हातारा आता शिव्या देणार. पण त्यांनी हात पुढे केला. "मग पार्षदबाईंना म्हणावं, हात द्या. माझ्याच्याने उठवत नाही."

तिने त्यांना उठवलं आणि माझ्या व्हरांड्यात आणून बसवलं. ते मशीनकडे पाठ करून बसले. मागे धाडधाड सुरू झालं.

"फरशी फुटली का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही, अख्खी निघाली," मी म्हणाले. फुटल्याचा आवाज दोघांनाही ऐकू येत होता. मला रडू आवरेना, आत जाऊन पदराने डोळे पुसले.

संध्याकाळी दारापुढे उघडी नाली होती आणि जायला-यायला एक फळी टाकलेली. नीलकंठरावांची खुर्ची उंबरठ्याच्या आत गेली होती. मयुरेशचा फोन वाजला. पलीकडून कोणी तरी भिया-भिया करत असणार. "रुकिए, मॅडम को देता हूँ," म्हणून त्याने फोन आत नेला.

मी चहा केला आणि वाट बघत बसले. ठोका ऐकू येईना. येणार कुठून? मग न बोलावताच कप घेऊन निघाले आणि फळीवरून जपून पलीकडे गेले.

अल्पना त्यांच्या पायाशी उंबरठ्यावर बसली होती, साडीवरची धूळ तशीच. नालीचं पाणी उताराकडे सरळ वाहत होतं. त्यांनी चहा घेतला, बशीत अर्धा ओतला आणि बशी तिच्या हातात दिली. मग सवयीने काठी उचलली, जराशी पुढे नेली आणि परत घेऊन मांडीवर आडवी ठेवली.