सकाळची पहिली फुंकर

महाविद्यालयाच्या आरोग्य कक्षात विद्यार्थ्यांच्या फुफ्फुसांची ताकद मोजण्याचे काम माझ्याकडे होते. यंत्र ठीक चालते आहे ना, हे पाहण्यासाठी रोजची पहिली फुंकर मीच मारायची, अशी तिथली पद्धत. माझा आकडा ठरलेला. तो ढळला, तर दोष यंत्राचा.

दोन महिने तो हळूहळू ढळत होता. खात्री करून घ्यायला ठरावीक हवा यंत्रात सोडणारा एक पंप होता. पण तो कक्षाच्या प्रमुख मॅडमच्या कपाटात, आणि मॅडमपुढे उभा राहिलो की माझे शब्द घशातच विरत. मग मी मुकाट्याने यंत्रालाच दोषी ठरवले. माझा आकडा जितका घटे, त्या प्रमाणात प्रत्येकाच्या नोंदीत भर घालत गेलो.

धावण्याच्या संघातला लंबू त्याच दिवसांत आला होता.

"सर, पळताना छातीत शिट्टी वाजते. आई म्हणते, तुझ्या शर्यतीला शिट्टी फुंकणारा पंच कशाला हवा?"

भर घातल्यावर त्याचा आकडा उत्तम ठरला. "ठणठणीत आहेस," मी म्हणालो.

माझा घटता आकडा नोंदवहीत पाहून आज दुपारी मॅडम स्वतःच पंप घेऊन आल्या. "मागितला का नाहीस रे इतके दिवस? खाल्लं असतं का मी तुला?"

त्यांनी तीनदा पंप दाबला. तिन्ही वेळा आकडा अचूक आला.

"यंत्र तर शहाण्यासारखं वागतंय. तू फुंक बघू."

मी फुंकले. पडद्यावरची नजर त्यांनी सावकाश माझ्याकडे वळवली. "जिना चढताना दम लागतो?"

"लागतो." हे मी स्वतःशीही कधी कबूल केले नव्हते. "मॅडम, मी सगळ्यांचे आकडे वाढवलेत."

त्या खुर्चीत बसल्या. "त्रास होतो असं कुणी सांगितलं होतं?"

"एकानं. त्याची आज निवडीची शर्यत आहे. लांब पल्ल्याची."

"मग इथे काय करतोयस?"

मैदान दोन इमारतींपलीकडे होते. अर्ध्या वाटेतच छाती आवळून आली. भिंतीला टेकलो, पुन्हा निघालो. पोहोचलो तेव्हा मुले रेषेवर वाकलेली होती. हाक मारण्याइतका श्वास उरला नव्हता. चारचौघांत साधे खोकायलाही लाजणारा मी, सरळ धावपट्टीवर जाऊन लंबूसमोर उभा राहिलो.

"सर, बाजूला व्हा ना. सगळे बघतायत."

"तुझा आकडा खोटा होता," मी धापा टाकत म्हणालो. "मी वाढवलेला."

तो सरळ उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा राग मला पाहावेना, तरी मी हललो नाही.