उखाण्याबाहेरचं नाव

आष्ट्याच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे नानासो मास्तर 'हू' आणि 'विच'च्या पायी अर्धे म्हातारे झाले होते. माणसाला हू, जनावराला विच, एवढं साधं. पण पोरं पडली शेतकऱ्यांची. 'माझा बैल, जो...' असं वाक्य दिलं की सगळा वर्ग छातीठोकपणे बैलाला हू लावायचा. घरच्या बैलाला विच म्हणायला एकाची जीभ रेटेल तर शपथ! मास्तर कपाळाला हात लावायचे.

त्यांची लेक अंजना मात्र झटकन शिकली. तिचा नवरा मानसिंग पलटणीबरोबर इटलीत लढाईवर गेला, तेव्हापासून ती माहेरी होती. जाताना तो थट्टेनं म्हणाला होता, "परत येईन तवा माज्यासंगं इंग्रजीत बोलायचं, काय?" तिनं ते मनावर घेतलं. दिवेलागणीला चुलीपुढं बाप-लेकीची शिकवणी चालायची. हू तिला जड जाणार तरी कसा? नवऱ्याचं नाव तोंडात यायचं नाही म्हणून लग्नापासून ती 'ज्यांनी ही नथ आणली ते', 'जे फौजेत हायती ते' असंच बोलत आली होती. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या वारलेल्या आईनं बजावलं होतं. सणासुदीला उखाण्यात काय ती सूट.

गुढीपाडव्याच्या संध्याकाळी मास्तरांनी हट्टच धरला. "सारखं 'द मॅन हू' काय? असली माणसं गावभर हायती. तुजा एकच हाय. आधी नाव, मग हू."

"नगं आबा. त्येंच्या जिवाला काय झालं म्हंजी?"

"आगं, इंग्रजीत घेतलेलं नाव यमाला कुठलं कळतंय!" मास्तर खो खो हसले.

अंजनानं पदर सावरला, कुंकवाला बोट लावलं आणि हळूच म्हणाली, "मानसिंग, हू इज माय हजबंड, इज अ सोल्जर." मग लाजून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बापाला लेकीचं कोण कौतुक वाटलं!

जेठात साताऱ्याहून पलटणीचा एक सुभेदार आला. ओसरीवर उभ्या उभ्याच त्यानं सांगितलं, मानसिंग लढाईत पडला. आत अंजना दळत होती. जातं थांबलं. सुभेदार निघाला तेव्हा मास्तरांनी त्याला वेशीपाशी गाठून तारीख विचारली आणि बोटांवर हिशेब केला. पाडव्यानंतर आठवडाभरातच.

अंजना रडली नाही. अन्नाला शिवली नाही. दिवसचे दिवस ती जात्यापाशी भिंतीला टेकून बसायची. शेवटी एकदा बापाकडं न बघताच म्हणाली, "म्या नाव घेतलं, आबा. म्याच खाल्लं त्येंस्नी."

मास्तर जन्मात खोटं बोलले नव्हते. पण लेक डोळ्यांदेखत झिजत चालली होती, आणि नाव घ्यायला लावणारे तेच होते.

"येडी का काय तू! मानसिंगराव शिमग्यातच गेलं. पाडव्याच्या चांगलं पंधरा दिस आधी. सुभेदारानं तारीख सांगितली मला. तुज्या नाव घेण्याचा काय संबंध?"

अंजनानं मान वर केली. "आईची आन?"

"तुज्या आईची आन."

ती भिंतीची टेक सोडून सरळ बसली. सुटली पोर, असं मास्तरांना वाटलं. आणि मग इतक्या दिवसांचं रडू तिला एकदम फुटलं. मास्तर घाबरेघुबरे होऊन तिच्याजवळ बसले.

"उखाण्याबिगर जन्मात एकदाच नाव घेतलं, आबा," ती हुंदके देत म्हणाली. "बायको नवऱ्याला म्हणती तसं. आन् तवा त्ये न्हवतंच? मला वाटलं व्हतं, तेवढं तरी त्येंच्या जित्तेपनी झालं."

खरं सांगावं, तर पोर पुन्हा स्वतःलाच मारेकरी म्हणणार. मास्तर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.