कुठला डोळा झाकू?

सभागृहातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या कधीच भरल्या होत्या. उरलेली माणसं भिंतीला चिकटून उभी होती. व्यासपीठावर नेत्रगुरूंनी माझ्या आईचा एक डोळा तळहाताने झाकला आणि समोरचा फलक वाचायला सांगितला. तिला एक अक्षर लागेना. मग गुरूंनी दोन थेंब टाकले. सुई भित्र्यांची, थेंब भाग्यवंतांचा, असं म्हणून एका दमात प्रकाशाच्या लहरी, पेशींची झोप आणि पूर्वजन्म सगळं उरकलं. पुन्हा डोळा झाकला, आणि आईने फलक घडाघडा वाचला. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या मी वाजवल्या.

मी घड्याळजी. एरवी असल्या बुवांची टर उडवण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. पण आईच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज होती आणि दर महिन्याला त्या डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागे. आठवडाभर आधीच तिचं जेवण सुटायचं. पापणी ताणून धरली की ती मनात आकडे मोजायची. नंतर दोन दिवस डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपायचं. आणि मी? मी त्या दिवशी दुकानाचं शटर खाली ओढताना तिच्यासमोर उसासा टाकायचो. सुटका मला हवी होती, ती मी तिच्या नावावर खपवली. पुढची दोन इंजेक्शनं आम्ही चुकवली.

एकदा दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना मला आईची नजर मिरवायची हुक्की आली. भिंतीवरचं घड्याळ दाखवून म्हणालो, "आई, एक डोळा झाकून सांग, किती वाजले?"

"कुठला झाकू?" तिने सहज विचारलं.

माझ्या एका डोळ्याला भिंग होतं, दुसरा मिटलेला. जन्मभर एका डोळ्यावर पोट भरणारा माणूस मी, तरी मला दिसलं नव्हतं. गुरूंनी आधी तिचा चांगला डोळा झाकला होता आणि थेंबांनंतर आजारी. एवढाच तो चमत्कार.

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"डोळा माझाच ना रे," आई म्हणाली. "पण तू किती दिवसांनी हसलास. म्हटलं, तुझ्या मागची कटकट तरी जाईल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरीणबाईंनी पडदा तपासला. सूज उतरेल, पण मधल्या काळात गेलेली नजर परत येणार नाही, म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या सभेला मी पहिल्या रांगेत बसलो. एका सुताराची पाळी होती. थेंब पडले, तळहात त्याच्या आजारी डोळ्याकडे गेला, तसा मी उभा राहिलो.

"आता दुसरा डोळा झाका, गुरुजी."

शंकेखोराची सावली पडली की औषधाचा गुण जातो, असं गुरू सांगू लागले. सुताराने मात्र आपणच आपला धड डोळा झाकला आणि बराच वेळ फलकाकडे बघत राहिला.

"मधला काळा डाग तसाच आहे की," तो म्हणाला. टाळी कुणी वाजवली नाही.

म्हणून सांगतो, नजर परत आली असं कुणी म्हणालं तर घरी एकेक डोळा झाकून बघा. त्याला गुरू लागत नाही. आणि ज्याच्या डोळ्यात सुई जाते त्याला भीती वाटते का, हे विचारा, आणि उत्तर ऐकायला थांबा.

परवा इंजेक्शनच्या खोलीबाहेर मी आईचा हात धरून बसलो होतो. तिचं नाव पुकारलं. उठता उठता ती हळूच म्हणाली, "तुझा आजचा दिवस मोडला रे माझ्यापायी."