हिरव्या भुवया

सासरहून आलेल्या अहेरात अतलस रेशमाच्या घड्यांमध्ये एक डबी होती, चेहरा गोरा करायच्या क्रीमची. ‘आठ दिवस लाव, दुधासारखी दिसशील,’ असा निरोप होणाऱ्या सासूने, सालोमतबाईंनी, सोबत धाडला होता. उझबेकिस्तानातल्या मार्गिलानमध्ये सासरचा अहेर नाकारत नाहीत. नवरीने, ओयनिसाने, मात्र डबीचं झाकणसुद्धा उघडलं नाही.

तिची थोरली बहीण हुरियत टोप्यांवर बदामाची नक्षी भरायची. टाका इतका बारीक, की अख्ख्या गल्लीत तिच्या हाताचं कौतुक. दोन वर्षं तिने हेच क्रीम चोपडलं. गाल उजळले आणि बोटं थरथरायला लागली. डॉक्टर म्हणाले, यात पारा आहे. आता हुरियतला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. सगळ्या गल्लीला हे ठाऊक, तरी डब्या खपतातच. गोरेपणापुढे बायकांची अक्कल कुठे गवत खायला जाते, देव जाणे! ओयनिसाही टोप्याच भरते. त्या बोटांत तिचा जीव आहे.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेचा सलाम होता, म्हणजे घुंघट वर करून सुनेचं तोंड दाखवायचं आणि तिने वाकून एकेकाला सलाम करायचा. नवरीला सजवायला सालोमतबाईंनी बोलावलेली रंगवणारी बाई ती डबी घेऊनच खोलीशी आली. ओयनिसाने तिला दारातूनच परतवून लावलं. या हुज्जतीत बराच वेळ गेला. मग तिने दह्याने तोंड धुतलं, माहेरून आणलेली उस्माची पानं तळहातावर चुरडली, पालथ्या प्याल्याच्या बुडात रस पिळला आणि काडीला कापूस गुंडाळून भुवया रेखल्या. उस्माचा हिरवा रस काळा पडायला तास-दीड तास लागतो. तेवढ्यात बाहेरून हाक आली.

अंगणात बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. मोठ्या जावेने रिवाजाप्रमाणे डहाळीने घुंघट वर केला. गाल गव्हाळ, जसे होते तसे. आणि वर दोन हिरव्यागार भुवया.

“अगं सालोमत, सून आणलीस का समोशातला पालक?” एका म्हातारीने विचारलं आणि अंगणभर हशा पिकला.

सालोमतबाईंचा चेहरा पडला. त्या सुनेच्या कानाशी लागल्या. “आत जा. तोंड धू आणि डबीतलं लावून ये.”

“नाही लावणार.”

“चारचौघांत माझं नाक कापतेस?”

“नाक तुमचं आहे, आई. गाल माझे आहेत, हातही माझेच.” ओयनिसाचा आवाज चढला. आता मोडलं तर मोडू दे लग्न, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. “माझ्या ताईची बोटं सगळ्यांनी पाहिलीत. तरी लावायचंच असेल, तर आधी शाहनोझाला लावा. मग मी माझा गाल स्वतः पुढे करते.”

शाहनोझा म्हणजे सोळा वर्षांची नणंद. ती टुणकन उठली.

“लाव ना, आई! कधीची मागतेय, मला हातसुद्धा लावू देत नाहीस!”

हसणं थांबलं. सालोमतबाईंनी रागारागाने रंगवणारीच्या हातातली डबी ओढून उघडली, बोटभर क्रीम घेतलं, लेकीची हनुवटी धरली. गालापासून वीतभर अंतरावर बोट अडलं.

“लाव की गं, आई.”

बोट पुढे सरकेना. माहेरच्या बायकांत बसलेल्या हुरियतच्या हातातला प्याला किटलीला लागून टकटक वाजत होता. सगळं अंगण तेवढंच ऐकत होतं.

पहिला सलाम सासूला करायचा असतो. ओयनिसा त्या टकटकीकडे वळली आणि हिरव्या भुवयांनिशी तीनदा वाकून तिने हुरियतला सलाम केला. हसणाऱ्या म्हातारीने मान खाली घातली.

सालोमतबाईंचं बोट अजून तसंच हवेत होतं. ते कुठे पुसावं, हेच त्यांना कळत नव्हतं.